अनुभव धागा: रस्त्यावर राहून, मागून जगणारी माणसे आणि आपण

आमच्या इमारतीच्या फाटकावर परवा एक सूचना लागली: ‘भिकाऱ्यांना काहीही देऊ नये.’ ती वाचली आणि बाबांची फार आठवण झाली. बाबांनी कुणापुढे नाणे कधी टाकले नाही. समोरचा माणूस जमिनीवर बसलेला असेल तर ते गुडघे वाकवून त्याच्या तळहातावर ते ठेवत आणि “बरे आहात ना?” असे विचारून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबत. द्यावे की देऊ नये यावर वाद पुष्कळ होतात. मला ऐकायचे आहे ते असे, की तुम्ही अशा कुणाशी बोललात तेव्हा काय कळले आणि त्यानंतर तुम्ही काय केलेत.

---

ताई, मी परिचारिका आहे आणि कामावर निघण्यापूर्वी घाईत लिहीत आहे. माझ्या वाटेवर एक आजोबा बसत आणि त्यांच्या घोट्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली असे. ती सोडवून पाहिली तेव्हा आतली कातडी ओलाव्याने पांढरी पडून सुटू लागली होती आणि जखमेच्या कडा काळवंडल्या होत्या. रुग्णालयात चला म्हटले की ते हात जोडून नकार देत, त्यामुळे ‘यांना बरे व्हायचेच नाही’ असे आसपासच्या लोकांनी ठरवून टाकले होते. खरे कारण विचारल्यावर कळले, की गाठोडे आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवले तर चोरीला जाते आणि त्यांचे ओळखपत्र त्याच गाठोड्यात होते. ते गेले तर नवे काढायला पत्ता लागणार, आणि पत्ता तर नाहीच. अखेर एका पहारेकऱ्याने गाठोडे स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्याचे कबूल केले, तेव्हा आजोबा आले. दोन बोटे काढावी लागली, पण पाय वाचला.

---

मी लहान मुलांच्या हातात पैसे देत नाही आणि या मतावर ठाम आहे. ज्या मुलाला जास्त मिळते त्याला शाळेत पाठवण्याऐवजी रस्त्यावरच ठेवले जाते, हे मुलांसोबत काम करताना मी जवळून पाहिले आहे. मुलाला भीक मागायला लावणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र पैसे न देता पुढे निघून जाणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून ठिकाण, वेळ आणि मुलाचे अंदाजे वय नीट सांगावे, आणि तेच मूल पुन्हा दिसले तर पुन्हा फोन करावा.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु कायद्याचा आधार घेताना एक भेद राखायला हवा. मुलाला मागायला लावणाऱ्याला शिक्षा होणे वेगळे आणि मागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवणे वेगळे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमात, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूससुद्धा भिकारी ठरू शकतो, त्याला वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि पुन्हा पकडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. हा कायदा दिल्लीला लागू करण्यात आला होता. त्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी रद्द केल्या. परदेशातही असे घडले आहे: स्वित्झर्लंडमधील जिनिव्हात भीक मागितली म्हणून रोमा या युरोपातील अल्पसंख्य समाजातल्या एका निरक्षर स्त्रीला ५०० फ्रँक दंड झाला आणि तो भरता न आल्याने पाच दिवस कोठडीत काढावे लागले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. जिच्याजवळ काहीच नाही तिलाच दंड ठोठावण्याची पद्धत मला आजही अस्वस्थ करते.

---

मी येथे सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवले नाही. माझा धाकटा भाऊ मानसिक आजारात घर सोडून गेला. त्या काळात तो कुठेतरी हात पसरून बसला असेल आणि लोक त्याला ओलांडून जात असतील, या विचाराने आईला रात्ररात्र झोप लागत नसे. तो सापडला तो एका अनोळखी गृहस्थांमुळे. ते त्याच्याजवळ बसले आणि त्यांनी गावाचे नाव विचारले. भावाने नाव सांगितले नाही, पण गावातल्या शाळेचे वर्णन केले, आणि त्या गृहस्थांनी तेवढ्या आधारावर फोन करत करत आमच्यापर्यंत निरोप पोहोचवला. रस्त्यावरील मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवणारे कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे काम आणि त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मिळालेला मॅगसेसे पुरस्कार मला नंतर कळला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. हे माहीत असेल तर पोलीस ठाण्यात ठामपणे बोलता येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

---

ताई, भाऊ आता कसे आहेत?

---

औषधे सुरू आहेत आणि तो घरीच आहे. गर्दीत अजून घाबरतो, पण आईसोबत बाजारात जातो. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

---

दिलेले पैसे दारूत जातात, याचे काय करावे? मी एका मागणाऱ्याला सांगितले आहे, की आधी दारू सोडा, मग वाटेल ती मदत करतो.

---

दादा, मी वर लिहिणारीच परिचारिका. कृपया अशी अट घालू नका. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तोपर्यंत मदत थांबवू नये. पैसे द्यायचे नसतील तर रुग्णालयात सोबत जा, कारण केसपेपर काढायला बरोबर कुणी असले की दारातून परत पाठवणे अवघड होते.

---

असे होऊ शकते हे मला ठाऊक नव्हते. उद्याच त्यांना भेटून सोबत चलण्याविषयी विचारतो. माझ्याकडे चांगल्या स्थितीतले बूटही आहेत, तेही नेऊ का?

---

अवश्य न्या, पण आधी त्यांना माप विचारा आणि सुती मोज्यांचे दोन जोड सोबत ठेवा. सूज असलेल्या पायात घट्ट बूट गेला तर नवी जखम होते, आणि मोजे ओले झाले तर बदलायला दुसरे हवेत.