टेकडीवर लावायच्या देशी रोपांसाठी पिशवीत काय भरावे?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. बहावा, करंज आणि पळस यांच्या बिया मी गच्चीवर तीन प्रकारे लावल्या होत्या: निव्वळ काळ्या मातीत, दोन भाग मातीत एक भाग कच (दगडाचा बारीक चुरा) व एक भाग शेणखत मिसळून, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखतात. कोकोपीटमधली रोपे सर्वांत जोमदार वाढली, काळ्या मातीतली खुरटली. वर्षभर सांभाळून गेल्या जुलैत ती टेकडीच्या मुरमाड उतारावर लावली, तर पाऊस ओसरताच कोकोपीटमधलीच आधी वाळली. असे का झाले असावे?

प्रतिसाद १
वाळलेले एखादे रोप खणून पाहावे. बहुधा मुळे अजून पिशवीच्याच आकारात सापडतील. कोकोपीट ओले असेपर्यंत भरपूर पाणी धरून ठेवते, पण पाणी मिळेनासे झाले की कोरडे पडते. शिवाय मुळांना गोळ्यातच सगळे मिळत गेल्याने ती भोवतालच्या मुरमात शिरत नाहीत. काळ्या मातीचे दुखणे वेगळे आहे. ती ओली झाली की फुगते व मुळांची हवा कोंडते, सुकली की आक्रसून पिशवीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी जाते. टेकडीसाठी मी आपले दुसरे मिश्रणच घेईन, मात्र त्यात चाळलेला मुरूमही घालीन. रोप बुटके राहिले तरी हरकत नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, पण पळसाचा विचार निराळा करावा. त्याचे सोटमूळ फार लवकर खोल जाते आणि आखूड पिशवीत तळाशी वेटोळे घालते. असे मूळ पुढे सरळ होत नाही. ताजे बी पावसाच्या तोंडावर जागेवरच टोकावे, हे मला सर्वांत योग्य वाटते. करंजासाठी जुन्या करंजाखालची मूठभर माती पिशवीत मिसळावी, कारण त्याच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी येतात व त्यांचे जिवाणू त्या मातीत असतात. बहावा शेंगावर्गीय असूनही त्याला अशा गाठी येत नाहीत, त्यामुळे त्याला शेणखतच द्यावे.

प्रश्नकर्ता
आज सकाळी बहाव्याचे एक रोप उपटून पाहिले. गोळा अखंड निघाला, आत भुसा कोरडा ठणठणीत होता आणि एकही मूळ बाहेर गेलेले नव्हते. मुरूम चाळायला घेतला आहे.