घरी पारदर्शक बर्फ कसा गोठवावा?

प्रश्न: ओल्ड फॅशन्डसारख्या कॉकटेलसाठी मला मोठे, पारदर्शक बर्फाचे खडे हवे आहेत, परंतु पाणी दोनदा उकळूनही प्रत्येक खडा मध्यभागी पांढुरकाच राहतो. याचे कारण काय असावे?

उत्तर १: कारण मुख्यतः गोठण्याच्या दिशेत आहे. साध्या ट्रेमध्ये थंडी सर्व बाजूंनी आत शिरते आणि बर्फाचे स्फटिक तयार होताना पाण्यात विरघळलेली हवा व क्षार पुढे ढकलत जातात, त्यामुळे ते सारे अखेरीस मध्यभागी कोंडले जातात. उकळल्याने हवा थोडी कमी होते, इतकेच. त्याऐवजी जाड भिंतींचा लहान आइसबॉक्स पाण्याने भरून, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवावा. मग बर्फ वरून खाली गोठत जातो आणि पांढुरका भाग तळाशी राहतो. कॅम्पर इंग्लिश या अमेरिकी लेखकाने २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते.

उत्तर २: मात्र तळाचे पाणी गोठण्यापूर्वीच, साधारण १८ ते २४ तासांनी, ठोकळा बाहेर काढावा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे पूर्ण गोठू दिल्यास डबा तडकू शकतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. ठोकळा कापावा कसा?

उत्तर २: लगेच कापू नये, तो भंगतो. पृष्ठभागावरचे हिम विरघळून ओली चकाकी येईपर्यंत थांबावे, दातेरी सुरीने खाच पाडावी आणि सुरीच्या पाठीवर हलके ठोके द्यावेत.