मदत हवी आहे : विनोदी लघुपटासाठी पैसे कसे उभे करावेत?

हजरजबाब : आम्ही पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी एक विनोदी लघुपट करीत असून परीक्षेपूर्वी चित्रीकरण उरकणे भाग आहे. संहिता आणि कलाकार तयार आहेत, पैसे नाहीत. महाविद्यालयाने "पुढील सत्रात पाहू" असे सांगून अर्ज ठेवून घेतला. संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन टाकावे की ओळखीच्यांकडेच मागावे? कृपया लवकर सांगावे.

पेठकर : रक्कम किती, लघुपट किती मिनिटांचा आणि खर्च कशावर, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. पैसे देणारा आधी तेच विचारील.

तिसरी घंटा : रकमेचे दडपण घेऊ नये. १९७६ सालच्या 'मंथन' या चित्रपटासाठी गुजरातमधील ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. आपण माणशी १०० रुपये मागावेत. एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही.

पेठकर : त्या शेतकऱ्यांमागे दूध संस्थांचे जाळे उभे होते, हे सोयीस्करपणे वगळू नये. विद्यार्थ्यांच्या आवाहनाचा दुवा मित्रांच्याच गटात फिरत राहतो, शिवाय "देतो रे" म्हणणाऱ्याकडून १०० रुपये प्रत्यक्ष सुटेपर्यंत तगादा लावणाऱ्याचीच मैत्री संपते.

तिसरी घंटा : आपला अनुभव म्हणजे नियम नव्हे.

हजरजबाब : लघुपट १२ मिनिटांचा असून लिफ्ट बंद पडलेल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा हा विषय आहे. एकूण ८०,००० रुपये हवेत. कॅमेरा मित्राचा आहे. दिवे, ध्वनिमुद्रण, जेवण आणि संकलन यांचा खर्च आहे. अमेरिकेतील मामा थोडे पैसे देणार आहेत.

कातरकाम : दिवसाच्या उजेडात चित्रीकरण करून दिव्यांचे भाडे वाचवावे, परंतु ध्वनीत काटकसर करू नये. सभेत पाच जण एकाच वेळी बोलणार आणि त्यातच विनोद असणार, तेव्हा कॉलरचे माईक हवेतच.

नाट्यवेडा : चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शन करायचे असल्यास सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, हे ध्यानात ठेवावे.

हजरजबाब : प्रमाणपत्राविषयी मी विचारलेले नाही.

जमाखर्च : पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. एखाद्या व्यक्तीला नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात भेटीदाखल एकूण ५०,००० रुपयांपेक्षा अधिक मिळाले, तर वरची रक्कमच नव्हे, सगळीच रक्कम प्राप्तिकरासाठी तिचे उत्पन्न धरली जाते. मामा नातेवाईकांत बसतात, मित्र बसत नाहीत. म्हणून सगळी वर्गणी एकाच विद्यार्थ्याच्या खात्यात घेण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे, आणि जाहीर आवाहनात नफ्यातील वाट्याचे आश्वासन मुळीच देऊ नये.

पेठकर : वाट्याऐवजी सभेतील खुर्च्या विकाव्यात. ५०० रुपये देणारा सभासद म्हणून बसेल, १,००० देणाऱ्यास "माझी हरकत नोंदवून घ्या" हे वाक्य मिळेल. गर्दीही फुकटात जमेल.

हजरजबाब : कल्पना पसंत आहे, परंतु ते कॅमेऱ्याकडे पाहत बसले तर?

पेठकर : त्यांना इतिवृत्ताचे कागद वाचायला द्यावेत. खर्चाचा बाबवार तक्ता येथे टाकावा. हरकतीचे वाक्य मी घेतो.