अनुभव धागा : 'रन' तुम्हाला कुठे कुठे भेटला?

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ निघाले. कोशातले नकोत, तुमच्या कामात आणि घरात भेटलेले सांगा. मी शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजीत दुकान, घड्याळ, बस सगळं 'रन' होतं. मराठीत मात्र दुकान चालतं, घड्याळ चालतं, एसटीही चालते. हे मुलांना स्वतःहून सापडतं तेव्हा फार आनंद होतो.

—

इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे नाक 'रन' होतं, तापही 'रन' होतो आणि कुणी 'आय हॅव द रन्स' म्हणालं की समजायचं, जुलाब लागलेत. मधुमेहाची चौकशी करताना 'डझ इट रन इन द फॅमिली?' असं रोज विचारते. 'टाइम इज रनिंग आउट' मात्र नातेवाइकांसमोर मी कधीच म्हणत नाही. त्यांच्या शेजारी बसून सरळ सांगते, थोडे दिवस राहिलेत. तिथे कुठल्याच वाक्प्रचाराची आड नको वाटते.

—

'रन आउट'वरून आठवलं. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत मोठा झालो. धावचीत, यष्टिचीत, पायचीत! कुस्तीतला 'चीत' क्रिकेटच्या मैदानात किती चपखल बसलाय. हे शब्द टिकायला हवेत.

—

आमच्या डोंबिवलीत प्रत्येक आईचं एकच सांगणं : रनिंगमध्ये, म्हणजे चालत्या लोकलमध्ये, चढू नकोस. आता मीही मुलाला तेच सांगते.

—

फर्निचरचं काम करतो. रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी, रुंदी धरायची नाही. ओट्याचा, स्कर्टिंगचा भाव असाच असतो. गिऱ्हाइकाने तो चौरस फुटाचा समजला तर हिशेबाच्या वेळी वाद ठरलेला, म्हणून मी टेप लावूनच दाखवतो.

—

अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपणही निवडणुकीला उभेच राहतो की!

—

साड्या विकते. इंग्रजीत कपड्याचा रंग 'रन' होतो, आमच्याकडे बायका विचारतात, "ताई, रंग जाणार नाही ना?" गडद साडी पहिल्यांदा वेगळीच भिजवा, एवढं सगळ्यांना सांगते.