कॅपीबाराला 'पाणडुक्कर' म्हटलं तर चालेल का?

ओवी: लहान मुलांच्या प्राण्यांच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. कॅपीबाराला 'पाणडुक्कर' लिहिलं, तर संपादकांनी काट मारून समासात लिहिलं, "डुक्कर नव्हे, कृंतक." म्हणजे उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी. पन्नासेक किलोचा, गवत खाणारा, दिवसभर डुंबणारा प्राणी. सहा वर्षांच्या पोराला कृंतक काय कळणार? सुचवा काहीतरी.

भटकभवान्या: संपादकांचं बरोबर आहे. तो गिनीपिगचा सख्खा चुलतभाऊ. ब्राझीलमधल्या तुपी भाषेत नावाचा अर्थच 'गवत खाणारा'. 'तृणमूषक' करा.

मधली आळी: तृणमूषक! पोरं पुस्तक मिटून झोपतील. पाणमांजर कुठे मांजर आहे? पाणघोडा कुठे घोडा? शास्त्रीय नाव 'हायड्रोकोएरस', ग्रीकमधून सरळ 'पाणडुक्कर'. शास्त्रज्ञांना चालतं ते संपादकांना का नाही?

भटकभवान्या: जुनी चूक रुळली म्हणून नवी करायची का? गिनीपिग ना गिनीचा, ना पिग. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला.

सायली_प: तिथल्या केचुआ भाषेत त्याला 'कुय' म्हणतात. पेरूतल्या कुस्कोला ताटात अख्खा भाजलेला आला, दात विचकून. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. मोजत बसले, खाणं काही जमलं नाही. तिथल्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताच्या 'शेवटच्या भोजना'च्या चित्रात येशूसमोरच्या ताटातही कुयच. कुणी म्हणतं तो 'व्हिस्काचा' नावाचा, सशासारखा दिसणारा दुसराच कृंतक.

मधली आळी: कुय म्हणजे आपली कुईकुई! आमच्या जिन्याखालची पिल्लं रात्रभर तेच करतात. केचुआ-मराठी नातं सिद्ध!

भटकभवान्या: नातं कसलं? आवाजावरून दोन्हीकडे शब्द आला असेल, इतकंच.

वऱ्हाडी ठेचा: 'पाणघूस' म्हणा ना. घुशीचं इंग्रजी नाव बँडिकूट हे तेलुगू 'पंदिकोक्कू'वरून आलं, म्हणजे डुक्करउंदीर. संपादकांचा उंदीरही राहिला, ओवीताईंचं डुक्करही.

सायली_प: घूस नको. मला बांधातली बिळं अन् पोखरलेली कोठीच आठवते. इतका गरीब प्राणी तो!

वऱ्हाडी ठेचा: शिवाय नागपुरात अर्धे लोक लाच समजतील, हेही खरं.

ओवी: अहो, सोमवारी पुस्तक छापायला जातंय!

मधली आळी: थांबा हो जरा. ठेचा, घूस खरंच डुकरासारखी घुरघुरते का?

वऱ्हाडी ठेचा: आमच्या गोठ्यातली घुरघुरायची. आजी कंदील घेऊन गेली अन् चप्पल सोडून पळत आली.