मदत हवी आहे: बूटस्ट्रॅप ठेवू की सीएसएस हाताने लिहू?

नमस्कार मंडळी,

एका वाचनालयाची वेबसाइट करायला घेतली आहे. पानं जेमतेम आठ: पुस्तकांची यादी, सभासद अर्ज, सूचना वगैरे. एचटीएमएल (पानाचा ढाचा) आणि सीएसएस (त्याची मांडणी, रंगरूप) बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं.

बूटस्ट्रॅप ५, म्हणजे तयार सीएसएसचं फ्रेमवर्क, घेऊन सुरुवात केली. दोन दिवसांत पानं उभी राहिली, खूश होतो. तिसऱ्या दिवसापासून झटापट. पुस्तकांची कार्डं मुख्य भागात एका ओळीत तीन अशी छान बसतात, पण तोच तुकडा साइडबारमध्ये टाकला की तिथेही तीन कोंबली जातात. बूटस्ट्रॅपचे कॉलमचे क्लास (रुंदी ठरवणारी तयार नावं) स्क्रीनची रुंदी बघतात, साइडबारची नाही. शिवाय आमचा मेनू ८५० पिक्सेलच्या आसपास मोडतो आणि बूटस्ट्रॅपचे ब्रेकपॉइंट (ज्या स्क्रीन-रुंदीला मांडणी बदलते) आहेत ७६८ आणि ९९२ ला. हे सगळं सावरायला जोडलेली माझी सीएसएस फाइल आता तीनशे ओळींची झाली आहे. त्यात 'इम्पॉर्टंट' (आधीचा नियम जबरदस्तीने बाजूला सारणारा शब्द) किती वेळा आलंय ते मोजायची हिंमत नाही.

फ्रेमवर्क काढून सगळं स्वतः लिहावं का? पुढे साइट दुसरं कोणीतरी सांभाळणार आहे, म्हणून धीर होत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

काढू नका. ब्रेकपॉइंट बदलता येतात की! सॅसमधून (ज्यातून सीएसएस तयार करता येतं ती भाषा) बूटस्ट्रॅप घ्या, ब्रेकपॉइंटच्या यादीत ९९२ च्या जागी ८५० लिहा आणि पुन्हा कंपाइल करा. तयार सीएसएस फाइल जोडून वर ठिगळं लावत बसलं की असंच होतं. नंतर येणाऱ्याला बूटस्ट्रॅपचं डॉक्युमेंटेशन मिळेल, तुमच्या तीनशे ओळींचं कोण देणार?

प्रतिसाद २

ब्रेकपॉइंटचं पटलं, पण साइडबारचं दुखणं त्याने जात नाही. बूटस्ट्रॅप २०११ मध्ये आलं तेव्हा लेआउट फ्लोटवर (डबे डावी-उजवीकडे सरकवायच्या जुन्या युक्तीवर) चालायचे, त्यामुळे कॉलमांची तयार चौकट म्हणजे वरदान होतं. २०१७ पासून सीएसएस ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांची मांडणी, ब्राउझरमध्येच आहे. कार्डांच्या डब्याला ग्रिड करा, कॉलमांसाठी 'रिपीट'मध्ये 'ऑटो-फिल' (मावतील तितके कॉलम) आणि 'मिनमॅक्स' वापरा, किमान रुंदी १६ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या १६ पट), कमाल १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा). १६ रेम म्हणजे एरवी २५६ पिक्सेल. ३०० पिक्सेलच्या साइडबारमध्ये आपोआप एकच कार्ड, ९०० च्या भागात तीन. मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागणारा नियम) एकही नाही.

एक खाच आहे. डबा १६ रेमपेक्षा अरुंद झाला तर कार्ड बाहेर सांडतं. म्हणून नुसतं १६ रेम न लिहिता 'मिन' फंक्शनमध्ये १०० टक्के आणि १६ रेम असं द्या. मी हे विसरलो होतो आणि लहान फोनवर अख्खं पान आडवं सरकत होतं. दोष तासभर भलत्याच फोटोला देत बसलो!

धागाकर्ता

करून पाहिलं, साइडबार सुटला! मग बूटस्ट्रॅपचं मी नेमकं काय वापरतोय ते शोधलं: ग्रिड, मेनू, अर्जाची इनपुटं आणि एक मोडल (पानावर उघडणारी चौकट). ग्रिड तर आता गेलाच.

प्रतिसाद ३

मोडल दिसतो तितका सोपा नाही. उघडल्यावर फोकस (कीबोर्ड ज्या जागी चालतो ती जागा) आत जायला हवा, टॅब दाबत राहिलं तरी मागच्या पानावर घसरता कामा नये, एस्केपने बंद व्हावा आणि फोकस मूळ बटणावर परत यावा. बूटस्ट्रॅप हे सांभाळतं. हाताने लिहिणारे निम्मं विसरतात (मीही त्यातलाच). ब्राउझरचा 'डायलॉग' एलिमेंट 'शो-मोडल'ने उघडलात तर यातलं बहुतेक फुकट मिळतं. मेनूचं मात्र स्वतः लिहायच्या फंदात पडू नका.

धागाकर्ता

ठरलं तर. कार्डं आणि पानाची मांडणी माझ्या ग्रिडने, मेनू आणि अर्ज बूटस्ट्रॅपचे, सॅसमधून तेवढेच भाग घेऊन. मोडल डायलॉगवर नेतो. तीनशेपैकी साधारण दोनशे ओळी आत्ताच उडाल्या.

एकच राहिलं: पुस्तकांच्या यादीचं सहा रकान्यांचं टेबल फोनवर कसं दाखवता?

प्रतिसाद २

टेबलच राहू द्या. भोवती एक डिव्ह (साधा डबा), त्याला आडवा ओव्हरफ्लो ऑटो, म्हणजे टेबल आत आडवं सरकेल, आणि पुस्तकाच्या नावाचा रकाना स्टिकी, डावीकडे शून्य, म्हणजे तो जागीच चिकटून राहील. त्या रकान्याला बॅकग्राउंड रंग द्यायला विसरू नका, नाहीतर खालून सरकणारी अक्षरं त्याच्या आरपार दिसतात.