एमएमआर: एकत्र की सुट्या?

एमएमआर या एकत्र लशीने बाळावर एकदम भार पडतो, मग गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशी सुट्या घ्याव्यात का, असं पालक विचारतात. हे 'सुट्या'चं खूळ मुख्यतः लंडनचं. १९९८मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने एमएमआरचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि पत्रकार परिषदेत सुट्या लशींची शिफारस केली. आदल्याच वर्षी गोवराच्या लशीसाठी याच गृहस्थांच्या नावे पेटंटचा अर्ज गेला होता! लॅन्सेटने २०१०मध्ये निबंध मागे घेतला, व्हॉट्सॲपवर मात्र तो अजून ठणठणीत आहे.

जपानने १९९३मध्ये एमएमआर खरंच थांबवली. कारण वेगळं होतं: लशीतल्या गालगुंडाच्या विषाणूच्या 'उराबे' नावाच्या वाणामुळे काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आली. पण नंतरही योकोहामात ऑटिझमची निदानं वाढतच राहिली.

भाराचं म्हणाल तर एमएमआरमध्ये प्रतिजनं (शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते ते घटक) असतात जेमतेम २४. सरकारी पेंटातल्या (पाच रोगांवरच्या एकत्र लशीतल्या) एकट्या डांग्या खोकल्याच्या घटकात ती सुमारे ३००० असतात, आणि ती लस आपण दीड महिन्याच्या बाळाला बिनघोर देतो.

शिवाय या तिन्ही लशी जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या; अशा दोन लशी एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर मध्ये चार आठवडे थांबावं लागतं. त्यात बाळाला ताप, कुणाचं लग्न, आजोळी मुक्काम; तारीख पुढे जाते आणि तोवर पोर उघडंच.

सरकारी केंद्रात ९ महिन्यांनंतर एमआर (गोवर-रुबेलाची लस) मिळते, त्यात गालगुंड नसतं. तेही हवं असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना एमएमआरचं विचारा, आणि जाताना लसीकरणाचं कार्ड न्या.